रिकाम्या जागेचे गणित

जुलै २०१९ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात चार पानांचा एक शोधनिबंध आला. पृथ्वीवर आजच्या हवामानात एकूण ४४० कोटी हेक्टर वृक्षाच्छादन मावू शकते, आज ते २८० कोटी हेक्टर आहे, आणि शेती व शहरे वगळली तरी आणखी ९० कोटी हेक्टर छायेला जागा शिल्लक आहे, असे त्यात म्हटले होते. ९० कोटी हेक्टर म्हणजे भारताच्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ पावणेतीनपट. ही झाडे वाढली तर २०५ अब्ज टन कार्बन साठेल, हा पुढचा आकडा. आठवडाभरात हे आकडे जगभरच्या वर्तमानपत्रांत पोहोचले. सहा महिन्यांनी दाव्होसच्या मेळाव्यात एक लाख कोटी झाडांची मोहीम जाहीर झाली. चार पानांच्या मजकुराला इतके वाचक लाभल्याचे उदाहरण साहित्यात तरी मला आठवत नाही.

निबंधाचे पहिले लेखक ज्याँ-फ्रांस्वा बास्तँ हे बेल्जियमचे. जाँब्लू इथल्या कृषी व वनविद्येच्या परंपरेत ते तयार झाले. मध्य आफ्रिकेतल्या, काँगोच्या खोऱ्यातल्या घनदाट अरण्यांवर त्यांचे सुरुवातीचे काम आहे. उपग्रहाच्या चित्रातला वृक्षमाथ्यांचा पोत पाहून खालच्या लाकडाचे वजन ताडायचे, असे ते काम. पुढे स्वित्झर्लंडमधल्या झुरिक इथे थॉमस क्राउथर यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हा २०१९ चा निबंध सिद्ध केला.

मी वनशास्त्राचा पदवीधर नाही आणि संगणकाचाही नाही. भूकरमापकाच्या नोकरीत तेवीस वर्षे काढली, बाकीचे शिक्षण शब्दकोश शेजारी ठेवून झाले. तरीही या निबंधाकडे समीक्षेच्या अंगाने पाहण्याचा हक्क मी घेतो आहे. कारण मॉडेल हीसुद्धा एक संहिताच असते. तिला निवेदक असतो, त्याची उभे राहण्याची जागा असते, आणि काय सांगायचे व काय गाळायचे हे त्याने लिहिण्याआधी ठरवलेले असते. कादंबरीबाबत हे प्रश्न आपण सहज विचारतो. आकडेवारी समोर आली की मात्र खाली मान घालतो.

आता संहिता. बास्तँ आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या संरक्षित क्षेत्रांतले ७८,७७४ तुकडे निवडले आणि उपग्रहचित्रे डोळ्यांनी पाहून प्रत्येक तुकड्यावर किती टक्के झाडांची छाया आहे ते नोंदवले. ही मेहनत थोर आहे, तिच्याबद्दल मला आदरच आहे. मग प्रत्येक तुकड्याची दहा वैशिष्ट्ये संगणकाला दिली. वर्षाचा पाऊस, तो किती महिन्यांत पडतो, कोरड्या तिमाहीतला पाऊस, सरासरी तापमान, ओल्या तिमाहीतले तापमान, समुद्रसपाटीपासूनची उंची, उताराची सावली, मातीतला सेंद्रिय कार्बन, वाळूचे प्रमाण, खडकापर्यंतची खोली. या दहांवरून छाया किती असेल ते ओळखायला संगणक शिकला आणि जिथे कोणी पाहिले नव्हते त्या उरलेल्या पृथ्वीवर त्याने तोच हिशेब चालवला. या पद्धतीचे नाव ‘रँडम फॉरेस्ट’. हा योगायोग आहे, पण गमतीचा. संगणक शेकडो निर्णयवृक्ष उभे करतो. प्रत्येक वृक्ष म्हणजे फांदीफांदीला एक प्रश्न : पाऊस इतक्या मिलिमीटरच्या वर आहे का? असेल तर वाळू किती? शेवटी सगळ्या वृक्षांच्या उत्तरांची सरासरी काढायची. जंगल शोधायला निघालेल्या यंत्राच्या पोटातही जंगलच आहे.

या दहांत आग नाही. गवत खाणारी जनावरे नाहीत, आणि माणूसही नाही.

लेखकांची बाजू अशी मांडता येते की, तुकडे संरक्षित क्षेत्रांतले घेतल्यामुळे माणसाचा हस्तक्षेप आपोआप कमी झाला आणि तिथल्या नैसर्गिक आगीचा परिणाम मोजलेल्या छायेतच उतरला. वरवर हे पटते. पण आफ्रिकेपुरते ते टिकत नाही, असे माझे मत आहे. कार्ला स्टेव्हर, सॅली आर्चिबाल्ड आणि सायमन लेव्हिन यांनी २०११ मध्ये त्याच ‘सायन्स’मध्ये एक गोष्ट दाखवली होती. ज्या पट्ट्यात पाऊस साधारण १००० ते २५०० मिलिमीटर आहे आणि कोरडा काळ फार लांबत नाही, तिथे एकाच पावसावर दोन वेगळ्या सृष्टी उभ्या राहू शकतात : एक मिटलेल्या छतांचे अरण्य आणि दुसरी सॅव्हाना, म्हणजे विखुरलेल्या झाडांचा गवताळ माळ. अधलेमधले फारसे काही आढळत नाही. निवाडा करते ती आग. गवत असले की आग पसरते, आग असली की रोपटी मान वर काढत नाहीत, म्हणून गवत टिकते. उलट एकदा झाडांचे छत मिटले की खाली गवत वाढत नाही आणि आगीला इंधन उरत नाही. अशा ठिकाणी नुसता पाऊस आणि माती विचारून सरासरी काढली, तर जे उत्तर येते ते ना अरण्याचे असते ना माळाचे. त्या अक्षांशावर कुठेच नसलेल्या भूमीचे ते वर्णन असते. आणि माळाच्या बाजूने पाहिले तर तिथे नेहमी झाडांची ‘तूट’च दिसते.

मला सर्वांत जास्त खटकते ते क्रियापद. निबंधात ‘असू शकते’ आहे. शास्त्रज्ञाला ते शोभते. पण शीर्षकात ‘पुनर्स्थापनेची क्षमता’ असे शब्द आहेत आणि पुनर्स्थापना म्हणजे जे होते ते परत आणणे. ‘असू शकते’ इथेच ‘पूर्वी होते’ मध्ये सरकते. बातमीत ते ‘असायला हवे’ होते आणि दाव्होसला पोहोचेपर्यंत ‘लावा’. ऑक्टोबर २०१९ मध्ये जोसेफ वेल्डमन आणि पंचेचाळीस सहकाऱ्यांनी त्याच साप्ताहिकात उत्तर दिले की, कार्बनचा आकडा साधारण पाचपट फुगला आहे, कारण मुळात गवताचे असलेले प्रदेश झाडांसाठी मोकळे धरले आणि गवताच्या मातीत आधीच साठलेला कार्बन हिशेबात नीट घेतला नाही. २०२० मध्ये मूळ निबंधाला शुद्धिपत्र जोडले गेले. हवामानबदलावरचा ‘सर्वांत प्रभावी उपाय’ हा दावा मागे घेऊन ‘सर्वांत प्रभावी उपायांपैकी एक’ असे केले. शुद्धिपत्रे कोण वाचतो?

बास्तँ यांच्या नावाशी ही टीका पहिल्यांदाच जोडली गेली नव्हती. २०१७ च्या त्यांच्या निबंधात जगाच्या कोरड्या प्रदेशांत १०७.९ कोटी हेक्टर वन असल्याचे आणि त्यातले ४६.७ कोटी हेक्टर आजवर नोंदलेच गेले नसल्याचे म्हटले होते. अर्ध्या हेक्टरचे दोन लाखांहून अधिक तुकडे दोनशेच्यावर माणसांनी पडद्यावर पाहून ही गणती केली होती. कोरड्या मुलखात झाडे आहेत, ती कोणी मोजत नाही, हा त्यातला मुद्दा खरा आणि मोलाचा होता. पण ‘वन’ कशाला म्हणायचे? तिथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची व्याख्या वापरली होती. अर्धा हेक्टर जागा, पाच मीटर उंचीची झाडे आणि दहा टक्के छाया असली की ते वन. दहा टक्के छाया म्हणजे नव्वद टक्के ऊन. त्या नव्वद टक्क्यांत गवत आहे, हरणे आहेत, गुराखी आहे, आणि व्याख्येत यांपैकी एकही नाही. डॅनियल ग्रिफिथ आणि इतरांनी त्याच वर्षी हाच आक्षेप घेतला होता.

सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ हा शब्द रोज लिहिलेल्या माणसाला यात नवे काही वाटत नाही. जमीन लागवडीखाली नाही, एवढेच तो शब्द सांगतो. पण ‘खराब’ हे त्यात चिकटलेले असते ते कागदावरून माणसांच्या डोक्यात जाते, आणि मग त्या जागेवर काहीही केले तरी ती सुधारणाच ठरते.

आफ्रिकेच्या जमिनीवर असा शब्द संगणकाच्या फार आधी चिकटला. फ्रेंच वसाहतींतला वनाधिकारी आंद्रे ओब्रेव्हील याने १९४९ मध्ये उष्णकटिबंधीय आफ्रिकेवर मोठा ग्रंथ लिहिला. ‘वाळवंटीकरण’ ही कल्पना त्यातून रूढ झाली. इथे पूर्वी अरण्य होते, माणसाने कुऱ्हाड आणि आग चालवून त्याची सॅव्हाना केली, अशी ती कथा. तिला मध्य आहे, शेवट आहे आणि खलनायकही आहे. सुरुवात मात्र कोणी पाहिलेली नव्हती, ती कल्पून घेतलेली होती.

ही कथा कशी उलटली ते गिनी देशातल्या किसिदुगू भागात पाहावे. तिथे गवताळ माळावर प्रत्येक गावाभोवती दाट झाडीचे एकेक बेट आहे. अधिकारी पिढ्यान्पिढ्या म्हणत आले की, हे तुटलेल्या अरण्याचे शेवटचे अवशेष, आणि गावकऱ्यांना वेळीच आवरले नाही तर तेही जातील. त्यावर नियम झाले, दंड झाले. जेम्स फेअरहेड आणि मेलिसा लीच हे दोन मानववंशशास्त्रज्ञ तिथे राहिले. त्यांनी १९५२ ची विमानातून घेतलेली छायाचित्रे १९८९ च्या उपग्रहचित्रांशेजारी ठेवली, जुने दप्तर वाचले आणि म्हाताऱ्यांना विचारले. म्हातारे म्हणाले, आमचे पूर्वज माळावर येऊन राहिले, ही झाडी आम्ही वाढवली. छायाचित्रेही तेच सांगत होती. झाडी घटलेली नव्हती, बऱ्याच ठिकाणी वाढली होती. १९९६ मध्ये त्यांचे पुस्तक केंब्रिज विद्यापीठाने छापले. त्याचे नावच आफ्रिकेच्या भूमीचे ‘चुकीचे वाचन’ असे आहे.

ती बेटे वाढली कशी, हे त्या पुस्तकातले मला सर्वांत आवडलेले. कोणी वृक्षारोपणाचा कार्यक्रम केला नव्हता. गावाभोवतीचे गवत छपरांसाठी आणि कुंपणासाठी कापले जाई, गुरे तिथेच बांधली जात आणि चरत, हंगामाच्या सुरुवातीलाच थोडी थोडी आग लावून इंधन संपवले जाई. त्यामुळे मोठा वणवा गावापर्यंत पोचतच नसे. शेणखत, राख, चुलीचा कचरा मातीत मिसळे. तटबंदीसाठी कपोकची झाडे लावली जात. हा आपल्या सावरीचा भाऊबंद. त्यांच्या सावलीत पुढे कोला आणि कॉफी आली. म्हणजे अधिकाऱ्यांच्या लेखी जे गुन्हे होते, चराई आणि आग, त्यांनीच झाडी उभी केली होती.

हे उत्तर सगळ्या पश्चिम आफ्रिकेला चिकटवणे मात्र तितकेच चुकीचे ठरेल. शेजारच्या कोत दिव्हारमध्ये विसाव्या शतकात कोकोसाठी खरोखरीचे अरण्य तुटले. तिथे म्हाताऱ्यांना विचारले तर ते वेगळे सांगतील. फेअरहेड-लीच यांच्या काही चाहत्यांनी हा फरक पुसून टाकला, आणि मग जंगलतोड ही गोऱ्यांची कल्पनाच होती, असा सूर निघू लागला. तोही एक आळशी वाचनाचाच प्रकार.

मॉडेल म्हटले की दोष, असे मला म्हणायचे नाही. केपटाउनचे विल्यम बाँड यांनी इयन वुडवर्ड आणि गाय मिजली यांच्यासोबत २००५ मध्ये एक साधा प्रयोग केला. शेफिल्ड विद्यापीठातले वनस्पतींचे जागतिक मॉडेल घेतले आणि त्यातली आग बंद केली. बाकी पाऊस, तापमान, माती सगळे तसेच ठेवले. मॉडेलमधले मिटलेल्या छतांचे अरण्य वनस्पती असलेल्या भूभागाच्या २७ टक्क्यांवरून ५६ टक्क्यांवर गेले. ही बेरीज २०१९ च्या निबंधाच्या जवळची वाटते. पण प्रश्न वेगळा होता म्हणून उत्तराचा अर्थही वेगळा झाला. बाँड म्हणतात : म्हणजे पृथ्वीवरचा इतका मोठा प्रदेश हवामानाने नव्हे, तर आगीने घडवला आहे. आणि उष्ण प्रदेशातली ही गवते ६० ते ८० लाख वर्षांपूर्वीच पसरू लागली होती, माणसाच्या हाती काडी येण्याच्या कितीतरी आधी. एकाच फरकाला एक जण ‘भरायची जागा’ म्हणतो आणि दुसरा ‘आगीचे घर’. संगणकाला दोघांपैकी कोणाची बाजू माहीत नसते.

त्याच वर्षी महेश शंकरन यांच्या पुढाकाराने आफ्रिकेतल्या ८५४ ठिकाणांची माहिती एकत्र करून एक निबंध ‘नेचर’मध्ये आला. शंकरन आता बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात आहेत. वर्षाला साधारण ६५० मिलिमीटरपर्यंत पाऊस झाडांना लगाम घालतो. त्याच्या वर झाडांचे छत मिटण्याइतका पाऊस असतो, पण आग आणि जनावरे ते मिटू देत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष. आपल्या ज्वारी-बाजरीचे रानटी पूर्वज आफ्रिकेच्या याच गवताळ पट्ट्यातले. रिकामी म्हटलेल्या जागेने आपल्या ताटात भाकरी वाढली आहे.

जनावरांचे म्हणाल तर सेरेंगेटीचे उदाहरण विलक्षण आहे. १८८० च्या दशकाअखेर आफ्रिकेत बुळकांडी शिरली. इटालियन फौजेबरोबर इरिट्रियात आलेल्या गुरांतून ती पसरली आणि ती गुरे भारतातून नेलेली होती, असे मानले जाते. गाईबैल तर मेलेच, विल्डबीस्टचे कळपही पुढची सत्तर वर्षे तिने दाबून ठेवले. १९६० च्या दशकात आसपासच्या गुरांना लस टोचल्यावर रोग हटला आणि विल्डबीस्ट अडीच लाखांच्या आसपास होते ते बारा-तेरा लाखांवर गेले. रिकार्डो होल्डो आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अनेक दशकांच्या नोंदी एका मॉडेलमध्ये बसवून पुढची साखळी उलगडली. जनावरे वाढली म्हणून गवत कमी उरले, गवत कमी म्हणून आग कमी, आग कमी म्हणून झाडे वाढली. एका लशीने, एकही रोप न लावता, माळावर झाडे आणली. याला मी चांगले मॉडेल म्हणतो. ते काय असायला हवे ते सांगत बसत नाही. काय घडले, त्याच्या कारणांपैकी कोणते किती जोराचे, ते पडताळते. आणि त्यात बुळकांडीला जागा आहे, जी पाऊस-मातीच्या दहा रकान्यांत कधीच सापडली नसती.

वाद केवळ शास्त्रज्ञांचा असता तर दिवाळी अंकाची पाने मी अडवली नसती. आफ्रिकेतल्या देशांनी २०३० पर्यंत १० कोटी हेक्टर भूमीवर वनसृष्टी परत आणण्याचा संकल्प केला आहे, आणि प्रत्यक्ष वचने त्याच्याही पुढे गेली आहेत. कॅथरिन पार आणि दोन सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये ती तपासली तेव्हा सुमारे ७ कोटी हेक्टर, म्हणजे फ्रान्सएवढे क्षेत्र, मुळात अरण्याचे नसून माळांचे निघाले. लागवडीच्या निम्म्याहून अधिक प्रकल्पांत परकी झाडे आढळली. या बाजूने जे बोलतात त्यांचे म्हणणे असे की, संकल्पात शेताच्या बांधावरची झाडे आणि कुरणांची निगाही येते, सगळे काही निलगिरी लावणे नाही. तसे असेल तर उत्तमच. पण हेक्टरांचा आकडा आधी ठरला की तो भरायला सर्वांत सोपे काय, हे सरकारी कामाची सवय असलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. चराईची जमीन सातबाऱ्यासारख्या कागदावर कोणाच्याच नावे नसते, ती पहिली जाते. दक्षिण आफ्रिकेत तर १९९५ पासून सरकारी खर्चाने परकी झाडे तोडण्याचे काम चालू आहे, कारण पाइन, निलगिरी आणि वॅटल नद्यांचे पाणी पिऊन टाकतात. एकाच खंडात एक योजना झाडे लावते आणि दुसरी तीच झाडे तोडते.

आपल्याकडेही हा प्रश्न नवा नाही. पश्चिम महाराष्ट्राचे माळ म्हणजे बोडकी झालेली अरण्ये, हे वाक्य शाळेपासून ऐकलेले. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये जुन्या मराठी वाङ्मयातली झाडांची नावे शोधून ते तपासले. संतकथा, माहात्म्ये, ओव्या यांत येणारी झाडे बहुतांशी काटेरी, उघड्या माळाची निघाली. म्हणजे निदान साडेसातशे वर्षे हा मुलूख माळच आहे. पंढरपूरच्या देवळातली कान्होपात्रेची तरटी आठवा. काळोख्या रानात तरटी होत नाही. त्यांनी ओवीला पुरावा मानले, जसे फेअरहेड-लीच यांनी म्हाताऱ्यांच्या बोलण्याला मानले. आकड्यांच्या शेजारी शब्द ठेवण्याची ही रीत मला रँडम फॉरेस्टपेक्षा कमी काटेकोर वाटत नाही.

संगणकाने आफ्रिकेतली झाडे मोजण्याचे काम दुसऱ्या बाजूनेही झाले आहे. कोपनहेगन विद्यापीठातले मार्टिन ब्रांट आणि त्यांच्या गटाने सहारा व साहेलच्या पश्चिम भागात १३ लाख चौरस किलोमीटरवरचे एकेक झाड मोजले. ते काम २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आले. त्यासाठी अकरा हजारांहून अधिक बारकाईची उपग्रहचित्रे लागली. तिथे किती झाडे असू शकतात, हे त्यांनी विचारलेच नाही. किती आहेत, एवढेच विचारले. संगणकाला झाड ओळखायला शिकवण्यासाठी ब्रांट यांनी आधी स्वतः पडद्यावर सुमारे ९०,००० झाडांच्या कडा हाताने आखल्या. मोजणीत आयुष्य गेलेल्या मला त्या कामाची कल्पना करता येते. मान आखडते, एकच सावली झाड की दगड यावर पाच मिनिटे जातात, संध्याकाळी डोळे मिटले तरी ठिपके दिसत राहतात. उत्तर आले १८० कोटींहून अधिक झाडे. जुन्या नकाशांवर वाळवंट आणि ओसाड म्हणून रंगवलेल्या भागात. त्यांतली बरीच शेतांत उभी आहेत, शेतकऱ्यांनी नांगरताना मुद्दाम राखलेली. फायदर्बिया हा बाभूळवर्गातला वृक्ष त्यांत आहे. तो पावसाळ्यात पाने गाळतो आणि कोरड्या दिवसांत हिरवा होतो, म्हणून त्याच्याखाली बाजरी वाढते.

या गणतीलाही आपली अट आहे. तीन चौरस मीटरहून कमी पसारा असेल तर ते झाड धरलेले नाही. झुडपे त्यामुळे बाहेर राहिली. गवत मोजायचे नव्हतेच.